गॅलिलिओचे कन्याप्रेम : माया की सोय?

मूळ लेखन
पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडल्याबद्दल चर्चने शास्त्रज्ञ गॅलिलिओवर चालवलेल्या खटल्याविषयी लिहिताना त्याच्या थोरल्या मुलीचा, व्हर्जिनियाचा, उल्लेख फार हळवेपणाने होतो. पण आईवडिलांचा विवाह झालेला नसल्यामुळे मुलींना स्थळे मिळणे कठीण, म्हणून याच बापाने १६१३ मध्ये तेरा वर्षांच्या तिला धाकट्या बहिणीसह फ्लोरेन्सजवळच्या आर्चेत्री येथील मठात घातले. मुलाला मात्र १६१९ मध्ये औरस ठरवून घेतले. पुढे ज्या चर्चसमोर त्याला गुडघे टेकावे लागले, त्याच चर्चच्या ओटीत त्याने मुली घातल्या होत्या.

प्रतिसाद १
असहमत. हुंड्याच्या त्या काळात मठ हा अनेक घरांचा रिवाज होता. शिवाय मारिया सेलेस्ते हे नाव घेतलेल्या या मुलीची १२४ पत्रे आज उपलब्ध आहेत. ती त्याच्या गळपट्ट्या धुऊन पाठवी, तो मठाचे बिघडलेले घड्याळ दुरुस्त करून देई, आणि १६३१ मध्ये तो मठाजवळच राहायला आला. १६३३ च्या शिक्षेत तीन वर्षे दर आठवड्याला सात स्तोत्रे म्हणण्याची अट होती. ती तिने स्वतःच्या अंगावर घेतली. याला सोय म्हणायचे?

मूळ लेखक
आपण दिलेला दाखला माझ्याच बाजूचा आहे. बापाची शिक्षासुद्धा भोगायची मुलीने! त्याची उत्तरे तर उरलेलीच नाहीत, त्यामुळे माया किती होती हे आपण केवळ तिच्या शब्दांवरून ठरवतो.

प्रतिसाद २
दोघांनीही तिला निव्वळ सोसणारी ठरवले, हे मला खटकते. खटला चालू असताना बापाच्या घराच्या किल्ल्या तिने त्याच्या मित्रांच्या हाती दिल्या आणि त्यांनी अडचणीचे ठरू शकणारे कागद तेथून हलवले. चर्चवर मनापासून श्रद्धा असलेल्या जोगिणीने हे केले, म्हणजे श्रद्धा आणि बाप यांपैकी एकाची निवड करावी असे तिला वाटलेच नसावे. तो डिसेंबरात आर्चेत्रीला परतला आणि २ एप्रिल १६३४ रोजी आमांशाने ती गेली, वय ३३. तिची हाक आपल्याला सतत ऐकू येते, असे त्याने नंतर पत्रात लिहिले.

मूळ लेखक
किल्ल्यांचा मुद्दा मान्य, शोकही खराच. परंतु मठाच्या त्याच दारातून आत गेलेली, सतत आजारी आणि खिन्न राहणारी धाकटी लिव्हिया आपल्याला कळते ती बहुतांशी बहिणीच्या पत्रांतूनच. तिच्याविषयी आपल्यापैकी कोणीही एक वाक्य लिहिलेले नाही.