जनरल रिजवेंच्या छातीवर हातबॉम्ब का?

सदाशिवपेठी: अप्पा बळवंत चौकात रद्दीतल्या मासिकात अमेरिकेचे जनरल मॅथ्यू रिजवे यांचा फोटो मिळाला. छातीवर दोन हातबॉम्ब! सेनापती, की दिवाळीतला पोरगा?

खडकीचे काका: दोन नव्हे, एकच. दुसरी प्रथमोपचाराची पुडी. मी दारूगोळा कारखान्यात तीस वर्षं काढली, बॉम्ब ओळखतो! कोरियन युद्धात डिसेंबर १९५० मध्ये जनरल वॉकर जीप अपघातात गेले आणि त्यांची खचलेली अमेरिकी आठवी आर्मी रिजवेंकडे आली. गडी मागे नकाशे बघत बसला नाही, थेट आघाडीवर हिंडला. मार्चमध्ये दक्षिण कोरियाची राजधानी सोल परत घेतली. एप्रिलमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष ट्रूमन यांनी तिथले सरसेनापती मॅकार्थर यांना काढलं, ती खुर्चीही रिजवेंनाच. मला मात्र १९५४ चे रिजवे जास्त पटतात. लष्करप्रमुख असून व्हिएतनाममध्ये उतरायला त्यांनी विरोध केला.

कोथरूडकर: काका, आपल्या लष्कराची वैद्यकीय तुकडी, ६० पॅरा फील्ड अँब्युलन्सही कोरियातच होती ना?

खडकीचे काका: होती तर! लेफ्टनंट कर्नल रंगराज यांची. मार्च १९५१ मध्ये मुनसानला अमेरिकनांबरोबर आपल्या काही जणांनीही पॅराशूटनं उडी घेतली. जखमींसाठी, बरं का.

सदाशिवपेठी: मासिकाचे वीस रुपये वसूल. पण काका, पिन निसटली असती तर?