'किड' ला स्लोव्हेनियनमध्ये नेमकं काय म्हणायचं?

शब्दवेडी
स्लोव्हेनियन शिकतेय सहा महिने, इंग्रजीतूनच, आणि आता 'किड' या एका शब्दावर अडकलेय. डिक्शनरीत त्याच्याखाली ओत्रोक आहे, मूलेत्स आहे, कोझ्लिचेक आहे आणि वर क्रियापद म्हणून हेत्साती से पण आहे. परवा ल्युब्ल्यानाच्या एका मैत्रिणीला 'हाऊ आर द किड्स' असं विचारायचं होतं तर मी 'काको सो मूल्त्सी' लिहून पाठवलं, कारण मूल्त्सी ऐकायला अगदी आपल्या मुलांसारखंच वाटलं. ती रागावली नाही पण दुरुस्त करून दिलं, 'काको स्ता ओत्रोका'. मूल्त्सी चुकलं ते ठीक, पण सो चं स्ता का झालं? आणि कोझ्लिचेक कुठे वापरायचं?

आडवाट
कोझ्लिचेक म्हणजे करडू, बकरीचं पिल्लू, माणसाच्या मुलाला नाही वापरायचं. इंग्रजीत 'किड' चा मूळ अर्थ करडूच, शब्द जुन्या नॉर्समधून, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून आलाय, मुलांना किड म्हणायची पद्धत नंतरची, आधी तीही बाजारू बोलीच समजली जायची. आपण नाही का पोराला पिल्लू म्हणत, तसंच. पण स्लोव्हेनियनमध्ये करडू करडूच राहिलं आणि मुलाला वेगळा शब्द आहे.

मूलेत्स चं म्हणशील तर तो 'कार्टं' च्या जवळ जातो. स्वतःच्या पोराला लाडाने म्हणा, गल्लीतल्या पोरांना वैतागून म्हणा, पण दुसऱ्याच्या मुलांची चौकशी करताना नको. सगळी पोरंसोरं मिळून मूलारिया. आपल्या 'मूल' शी याचं काही नातं नाही हं, शेजारच्या त्रिएस्तेच्या इटालियन बोलीत पोराला मूलो म्हणतात, आणि पोरांच्या टोळक्याला मूलेरिया, ते नातं बघ. अजून एक आहे, स्मर्कावेत्स, म्हणजे शब्दशः शेंबडा. हा तर चुकूनही लिहू नकोस!

साधा, कुठेही चालणारा शब्द ओत्रोक. मला तो फार आवडतो, कारण त्याच्या मुळाशी 'न बोलणारा' असा अर्थ आहे, ज्याला अजून बोलता येत नाही किंवा ज्याला बोलायचा हक्क नाही तो.

द्विवचन
सो चं स्ता का झालं ते मी सांगतो, कारण मला या भाषेत सगळ्यात जास्त हेच आवडतं. तुझ्या मैत्रिणीला दोन मुलं असणार. स्लोव्हेनियनमध्ये द्विवचन आजही रोजच्या बोलण्यात जिवंत आहे. शाळेत देवः देवौ देवाः घोकलंय ना, तसंच इथे ओत्रोक, ओत्रोका, ओत्रोत्सी. आणि क्रियापद बघ, संस्कृतात अस्ति, स्तः, सन्ति, इकडे ये, स्ता, सो. धातू एकच आहे, हजारो वर्षं वेगळे राहूनसुद्धा स्तः आणि स्ता शेजारी ठेवले की अंगावर काटा येतो. मराठीत आपण द्विवचन कधीच सोडून दिलं, तिकडे पोरं ते बोलता बोलता शिकतात.

म्हणजे 'हाऊ आर द किड्स' चं भाषांतर करायच्या आधी किती मुलं आहेत ते माहीत पाहिजे. दोन असतील तर काको स्ता ओत्रोका, तीन किंवा चार असतील तर काको सो ओत्रोत्सी, आणि पाच म्हणायचं झालं तर पेत ओत्रोक, तिथे परत वेगळंच रूप येतं, दिसायला एकवचनासारखं पण ती षष्ठी आहे. संख्या माहीत नसेल तर अनेकवचन वापर, कोणाला खटकत नाही. आणि जरा घोटाळा करणारी गोष्ट, आईवडील दोनच असले तरी स्तार्शी अनेकवचनातच चालतं, डोळे हात पाय पण तसेच, जोडी आपोआप समजते म्हणून.

उच्चाराचं पण सांगतो, मी त्स लिहितोय तो आपल्या 'चमचा' मधला च आहे. पण च ला इ लागली की मराठी माणूस 'चिमणी' मधला च म्हणतो, म्हणून ओत्रोत्सी असंच लिहायला लागतं.

आडवाट
हेत्साती से राहिलंच. 'आय ॲम किडिंग' ला बोलताना हेत्साम से, जरा नीटनेटकं हवं तर शालीम से. हेत्स म्हणजे गंमत, तो ऑस्ट्रियाच्या जर्मनमधून आला. कोणी भलतंच काही सांगितलं की 'अ से हेत्साश?', म्हणजे आपलं 'चेष्टा करतोस का?'. यातला से सोडू नकोस, 'मे हेत्साश' म्हटलं की 'माझी फिरकी घेतोयस' असं होतं.

शब्दवेडी
द्विवचन दादा, हो, तिला दोनच आहेत, एक मुलगा एक मुलगी! मी इतके दिवस द्विवचन म्हणजे 'दोन' या आकड्यापुरतं असेल असं धरून चालले होते, आकडा न लिहिता पण लागतं हे डोक्यातच नव्हतं. आत्ताच तिला परत मेसेज टाकला, काको स्ता ओत्रोका, आणि खाली काको सो स्तार्शी. तिचं उत्तर आलं, दोब्रो स्ता, दोघं बरी आहेत, आणि पुढे लिहिलंय की धाकट्याने आज मूलेत्ससारखा धिंगाणा घातला. म्हणजे ती स्वतः म्हणू शकते, मी नाही. कळलं आता.