चार सायझिंग डायचे आतले भाग एकत्र झाले, कुठला कुणाचा ते कसं ओळखायचं?

प्रश्न (पितळी_केस)
रिलोडिंगसाठी, म्हणजे चाललेल्या पितळी केस पुन्हा भरण्यासाठी, .२७० विंचेस्टर, ७एमएम-०८, .३०८ विंचेस्टर आणि .३०-०६ या चार काडतुसांच्या फुल-लेंग्थ सायझिंग डाय (केस दाबून मापात आणणारे साचे) आहेत, चारही एकाच कंपनीच्या. साफसफाईसाठी पूर्ण खोलून मिनरल स्पिरिटच्या एकाच ट्रेमध्ये टाकल्या. बॉडीवर नाव कोरलेलं आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. पण डीकॅपिंग रॉड (तळातली वापरलेली ठिणगीची टोपी, म्हणजे प्रायमर, ढकलून काढणारी दांडी) आणि तिच्यावरचा एक्सपांडर बॉल (केसचा गळा आतून रुंदावणारा) यांवर काहीच खूण नाही. दोन बॉल एकमेकांसारखे जाड, दोन एकमेकांसारखे बारीक. डाय प्रेसमध्ये ठरलेल्या उंचीवर पकडणाऱ्या लॉक रिंगाही काढल्या होत्या. चुकीचा बॉल बसला तर नक्की काय बिघडतं, आणि जोड्या कशा लावायच्या?

उत्तर १ (दीड_सूत)
डोळ्यांवर जाऊ नका, बॉल मोजा. स्पिरिट पुसून बॉलच्या सर्वांत जाड जागी मायक्रोमीटर लावा, रॉड फिरवत तीन ठिकाणी. बॉल गोळीच्या व्यासापेक्षा साधारण एक ते दोन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी असतो.

.२७० ची गोळी ०.२७७ इंच, म्हणजे बॉल ०.२७५ च्या आसपास. ७एमएम-०८ ची ०.२८४, बॉल ०.२८२ च्या आसपास. .३०८ आणि .३०-०६ दोन्हींची गोळी ०.३०८, म्हणून ते दोन जाड बॉल खरोखरच सारखे आहेत. ते आपसांत बदलले तरी गळ्याच्या मापात फरक पडत नाही.

घोळ आहे तो बारीक जोडीत. सात थाऊ म्हणजे ०.१८ मिमी, तेवढं नजरेला कळत नाही. आणि नाव फसवतं ते वेगळंच: .२७० म्हटल्यावर गोळी ०.२७० इंचाची वाटते, ती तशी नसते.

उत्तर २ (खांदा_मागे)
काय बिघडतं ते सांगतो, कारण दोन्ही बाजूंची चूक वेगळी दिसते.

सायझिंग डायची बॉडी गळा मुद्दाम गरजेपेक्षा जास्त आवळते. केस बाहेर ओढताना बॉल तो आतून परत योग्य मापावर आणतो. आता ७एमएम-०८ च्या डायमध्ये .२७० चा बॉल बसला, तर तो गळ्याला जेमतेम लागतो. खूण अशी, की हँडल उलट फिरवताना हाताला नेहमीची ओढ लागत नाही. गळा आवळलेलाच राहतो. मग गोळी बसवताना जोर लागतो, केसच्या तोंडाशी तांब्याचे छिलके निघतात, सपाट बुडाच्या गोळीला जास्तच. कधी खांदा (गळ्याखालचा उतार) किंचित फुगतो आणि काडतूस चेंबरमध्ये बसत नाही. बरं, इतकं आवळून पकडही तेवढी वाढत नाही. तीन-चार थाऊंच्या पुढे पितळ नुसतं ताणलं जातं.

उलटी चूक घातक. .२७० च्या डायमध्ये ७एमएम चा बॉल असेल तर ओढताना कचकचून अडकतं, आणि गळा आतून ०.२८० च्या वर जातो. ०.२७७ ची गोळी त्यात नुसती टेकलेली असते. मॅगझिनमधून वर चढताना किंवा धक्क्याने ती आत सरकली की केसमधली जागा कमी होते आणि दाब वाढतो. अशी काडतुसं चालवू नका, खोलून टाका.

.३० चा बॉल ७एमएम-०८ मध्ये घातलात तर कळेलच. केसचं तोंडच त्यावर चढायला नकार देतं. तिथे जोर लावाल तर गळा फाटेल नाहीतर केस आत अडकेल. हँडल अडलं की थांबायचं, एवढं लक्षात ठेवा.

उत्तर ३ (शून्य_शून्य_दोन)
बॉलपेक्षा मोठं नुकसान लॉक रिंगांचं झालंय, त्याकडे कुणी पाहिलं नाही. डायचे आटे ७/८ इंच, एका इंचात १४. म्हणजे एक पूर्ण फेरा ०.०७१४ इंच, आणि १० अंश फिरवलं की दोन थाऊ. रिंग जुन्या जागेवरून हलली म्हणजे खांदा किती मागे जातो हे माप गेलं. 'अंदाजे इथेच होती' हा हिशेब इथे चालत नाही.

नव्याने असं लावा. तुमच्याच रायफलमध्ये चाललेली केस कंपॅरेटरने (तळापासून खांद्यापर्यंतचं माप देणारं साधन) मोजा. डाय थोडी वर ठेवून सायझिंग करा, मोजा, मग थोडी थोडी खाली आणा. बोल्ट रायफलला खांदा १ ते २ थाऊ मागे पुरे, सेमी-ऑटोला ३ ते ४. दरवेळी नवी ल्यूब लावलेली केस घ्या. तीच केस पुन्हा पुन्हा दाबली तर माप खोटं येतं. माप जमलं की रॅम (प्रेसचा केस वर नेणारा दांडा) वर, केस डायमध्ये असतानाच रिंग आवळा.

शेलहोल्डरही (रॅमवर केसचा तळ धरणारा तुकडा) जुनाच वापरा. चारही केसचा तळ सारखा असल्याने एकच शेलहोल्डर चालतो, पण दुसऱ्या कंपनीचा लावला तर त्याची उंची एखाद-दोन थाऊ वेगळी निघते आणि लावलेलं सगळं पुन्हा हलतं.

रॉडची उंचीही नव्याने लावा, विशेषतः .३०८ आणि .३०-०६ चे रॉड आपसांत बदलले असतील तर. .३०८ ची केस ०.४७९ इंचाने आखूड आहे. रॉडच्या टोकाची पिन डायच्या तोंडाबाहेर ३/१६ इंच, म्हणजे दीड सूत दिसू द्या. रॉड जास्त खाली असेल तर केसच्या तळावर आदळून वाकतो. जास्त वर असेल तर बॉल आणि डाय यांच्यामध्ये गळा चिमटला जातो.

पितळी_केस
मोजले. ०.३०६, ०.३०६, ०.२८२, ०.२७५. सीटिंग डायच्या (केसमध्ये गोळी बसवणाऱ्या) स्टेमही, म्हणजे गोळीला वरून दाबणाऱ्या दांड्या, त्याच ट्रेमध्ये होत्या, त्यांचं काय?

उत्तर ४ (दीड_सूत)
आकडे बरोबर आहेत. जोड्या लावल्यावर प्रत्येक डायमधून एक केस काढा, गोळी बसवण्याआधी आणि नंतर गळ्याचा बाहेरचा व्यास मोजा. फरक दोन-तीन थाऊ असेल तर बॉल योग्य. शिवाय गोळीचं टोक टेबलच्या कडेला अंगठ्याच्या जोराने दाबा, तसूभरही सरकता कामा नये.

स्टेममध्ये चूक सौम्य आहे. .३० ची स्टेम ७एमएम च्या गोळीवर लावली तर पोकळी मोठी पडते, गोळीचं टोक तळाला टेकतं आणि चेपतं. मग काडतुसाची लांबी दर वेळी वेगळी येते. उलट, अरुंद स्टेम जाड गोळीवर कडेने रुतते आणि ओगिव्हवर (गोळीच्या निमुळत्या भागावर) गोल ओरखडा उमटतो. गोळी स्टेममध्ये घालून हलवून बघा, डुगडुगली की स्टेम तिची नाही.

उत्तर ५ (खांदा_मागे)
एक भर. पुढे .२८० रेमिंग्टनची डाय घेतलीत तर तिची बॉडी .३०-०६ च्या जवळ ठेवू नका. .२७० च्या चेंबरमध्ये जाऊ नये म्हणून .२८० चा खांदा मुद्दाम सुमारे ०.०५० इंच पुढे ठेवलाय. ती केस .३०-०६ च्या बॉडीत गेली तर खांदा तेवढाच मागे ढकलला जातो, आणि पुढच्या फायरिंगला केस तळाशी फाटण्याची शक्यता.

पिनचंही बघा. नेहमीच्या केसच्या तळातलं भोक ०.०८० इंच असतं, पण लहान प्रायमरच्या काही केसमध्ये, उदाहरणार्थ लापुआच्या ६.५ क्रीडमूरमध्ये, ते ०.०५९ असतं. तिथे जाड पिन भोकात अडकून बसते. बारीक पिन वेगळ्या डबीत ठेवा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार काडतूस बनवायला परवाना लागतो, त्यामुळे इथली चर्चा जिथे रिलोडिंगला परवानगी आहे तिथल्यांपुरतीच.

पितळी_केस
.२७० च्या रॉडला लाल रंगाचा ठिपका दिला, ७एमएम च्या निळा. लॉक रिंगा आता काढणार नाही.

उत्तर ६ (शून्य_शून्य_दोन)
रंग स्पिरिटमध्ये उतरेल. इलेक्ट्रिक पेनने रॉडच्या वरच्या टोकावर आकडा कोरा, बॉलवर नाही.