मदत हवी आहे: विस्कॉन्सिनमध्ये धनुष्यबाणाने हरणाची शिकार, जमिनीची तयारी

नमस्कार मंडळी. इथे अमेरिकेत कोणी मराठी बो-हंटर आहे का? भारतात १९७२ च्या कायद्यापासून शिकार बंद, त्यामुळे घरच्यांना विचारून उपयोग नाही. बाबा तर फोनवर अजून हसतायत.

मित्राबरोबर पंधरा एकर रान घेतलंय. ओक, थोडं मेपल, मधे एक मोकळा तुकडा आणि उत्तरेला ओढा. सीझन सप्टेंबरच्या मध्यावर उघडतो. बाणासाठी हरीण वीस-पंचवीस यार्डांत यायला हवं, म्हणून खरं काम आत्ताच करायचंय.

हरणं चरायला यावीत म्हणून मोकळ्या तुकड्यात पांढरा क्लोव्हर (तिपानी चारा) पेरायचा विचार आहे. मातीचा पीएच ५.४ आला, म्हणजे माती आम्लधर्मी आहे आणि चुना टाकावा लागेल. चुना मुरायला काही महिने लागतात म्हणे. मग यंदा नुसता चुना टाकून ऑगस्टमध्ये ओट्स पेरावेत, आणि क्लोव्हर पुढच्या मार्चमध्ये, गोठलेल्या जमिनीवरच फेकावा का?

दुसरं, मचाण. थंडीची लाट आली की इथे वारा वायव्येकडून येतो, एरवी बहुतेक नैर्ऋत्येकडून. दोन वाऱ्यांसाठी दोन जागा ठेवता का तुम्ही? आणि माणसाचा वास न पसरवता तिथवर पोचायची वाट कशी काढता? मला ओढ्यातून चालत जाणं बरं वाटतं, मित्राला अजिबात पटत नाही.

समोरच्या फांद्याही छाटायच्या आहेत, पण ओक विल्टमुळे (ओकच्या झाडांना मारणारा बुरशीचा रोग) एप्रिल ते जुलै ओकला हात लावायचा नाही. तोवर फक्त मेपल छाटावं का?

मिठाच्या विटा वगैरे सुचवू नका, आमच्या काउंटीत आमिषाला बंदी आहे.