शब्दचर्चा : 'ब्लॅक आर्टिस्ट'साठी मराठीत कोणता शब्द?

दौतटाक : एका दिवाळी अंकासाठी अमेरिका आणि ब्रिटनमध्ये भरलेल्या ब्लॅक कलाकारांच्या प्रदर्शनांवर लेख लिहितेय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेय. वर्तमानपत्रं सर्रास 'कृष्णवर्णीय' छापतात, संपादकांनाही तोच शब्द हवाय. मला तो पोलिसांच्या पंचनाम्यातला वाटतो. 'काळे चित्रकार' लिहावं तर वाचक दचकतील. जाणकारांनी सुचवा.

सुपारीफोड : 'सावळे' चालेल की. आपला विठोबाही सावळाच.

जुनी वही : सुपारीफोडराव, विठोबाचं ठीक, पण एरवी 'सावळा' आपण 'काळा' म्हणायचं टाळायलाच वापरतो. स्थळांच्या जाहिराती वाचा.

आणि नेमकं हे टाळणंच जिथे चालणार नाही असे चित्रकार आहेत. अमेरिकेतले ब्लॅक चित्रकार केरी जेम्स मार्शल घ्या. २०१६-१७मध्ये शिकागो, न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसला त्यांचं 'मास्ट्री' हे मोठं प्रदर्शन फिरलं. त्यांच्या चित्रांतली माणसं तपकिरी नाहीत, शब्दशः काळी आहेत. आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, लोहाच्या ऑक्साइडचा काळा, असे निरनिराळे काळे वापरून ते त्वचा रंगवतात आणि त्या काळ्यातच उबदार-थंड छटा काढतात. १९८०च्या त्यांच्या एका छोट्या आत्मचित्रात तर काळ्या पार्श्वभूमीवर काळा चेहरा आहे. आधी डोळे आणि दात दिसतात, चेहरा मागाहून. हे सगळं ठरवून केलेलं. अशा चित्राखाली 'कृष्णवर्णीय व्यक्ती' लिहिणं म्हणजे चित्रकाराने मुद्दाम लावलेला रंग आपण पुसणं. तिथे बिनदिक्कत 'काळी माणसं' लिहा. 'काळं तोंड', 'काळा बाजार' आपल्याकडे आहेत तशी काळी आईही आहे आणि काळी चंद्रकळाही. शब्द बिचारा निर्दोष आहे.

दौतटाक : चित्रातल्या माणसांसाठी पटलं. पण चित्रकारांसाठी काय?

थेम्सकाठ : दौतटाकताई, लेखात ब्रिटन असेल तर 'कृष्णवर्णीय' सरळ चुकीचाच ठरेल. १९८५ साली चित्रकार लुबैना हिमिद यांनी लंडनच्या आयसीए (इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्स) या कलासंस्थेत 'द थिन ब्लॅक लाइन' हे अकरा स्त्री-कलाकारांचं प्रदर्शन भरवलं. जागा मिळाली येण्याजाण्याच्या बोळाची. नावातली 'बारीक रेघ' ही त्यावरचीच कोपरखळी. त्या अकरांमध्ये शांतिनिकेतनला जन्मलेल्या सुतपा बिस्वास होत्या, लिव्हरपूलच्या पंजाबी घरातल्या चिला कुमारी बर्मन होत्या. सुतपांच्या चित्रातली गृहिणी तर थेट कालीमाता आहे, गळ्यात मुंडक्यांची माळ घातलेली. त्या काळच्या ब्रिटनमध्ये आफ्रिकी, कॅरिबियन आणि दक्षिण आशियाई मुळांचे बरेच लोक वर्णद्वेषाविरुद्ध एकत्र उभे राहताना स्वतःला 'ब्लॅक' म्हणवत. तो वर्ण नव्हता, बाजू होती. पुढे ही मोट सुटली, आज तिथे तो अर्थ फारसा उरलेला नाही. पण १९८५बद्दल लिहिताना तो धरावाच लागेल.

गोव्याच्या वाचकांसाठी आणखी एक. १९८९ला लंडनच्या हेवर्ड गॅलरीत कलाकार रशीद अराईन यांनी भरवलेल्या 'द अदर स्टोरी'त साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा होते. मात्र त्या प्रदर्शनाच्या उपशीर्षकात 'आफ्रो-एशियन' असा शब्द आहे, तो तसाच ठेवा. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूर यांनी त्यात सहभागी व्हायला नकार दिला होता, म्हणजे हे लेबल सगळ्यांना हवंहवंसं नव्हतंच.

जुनी वही : अमेरिकेतही नव्हतं. रेमंड सॉन्डर्स या चित्रकाराने १९६७मध्ये 'ब्लॅक इज अ कलर' नावाची पुस्तिकाच काढली. मी आधी चित्रकार, माझ्यावर वंशाची चिठ्ठी चिकटवू नका, असा तिचा रोख.

बोरूबहाद्दर : मी 'ब्लॅक' तसाच ठेवण्याच्या बाजूने. १९७२ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, पण कुणी 'पँथर'चा 'चित्ता' केला नाही. मराठी वाचकाला 'ब्लॅक पँथर' तेव्हापासून कळतंय, 'ब्लॅक कलाकार'ही कळेल. हवं तर पहिल्या उल्लेखाला एक वाक्य खुलासा द्या. २०२०पासून अमेरिकी वृत्तसंस्था इंग्रजीत 'ब्लॅक'चं आद्याक्षर मोठं लिहितात, समूहाचं नाव म्हणून. देवनागरीत मोठी अक्षरं नाहीत, त्यामुळे 'काळा' रंग की समूह हे अक्षरावरून कळायची सोय नाही. 'ब्लॅक' म्हटलं की ती अडचण बऱ्यापैकी सुटते.

दौतटाक : आणि जुनी प्रदर्शनं? १९२८ला न्यू यॉर्कला हार्मन फाउंडेशनने भरवलेल्या प्रदर्शनाच्या नावात 'निग्रो आर्टिस्ट्स' आहे.

बोरूबहाद्दर : नावात असेल तर अवतरणात 'निग्रो'च ठेवा, स्वतःच्या वाक्यात वापरू नका. शब्द बदलत गेला हेही त्यातून दिसेल : १९२८ला 'निग्रो', १९७१ला न्यू यॉर्कच्या व्हिटनी म्युझियमच्या प्रदर्शनाच्या नावात 'ब्लॅक'. त्या व्हिटनीच्या प्रदर्शनातून पंधरा कलाकारांनी अंग काढून घेतलं होतं, हे लेखात जरूर घ्या. नाव 'ब्लॅक', पण निवड करणाऱ्यांत ब्लॅक तज्ज्ञ नाही, ही तक्रार होती. १९७६ला डेव्हिड ड्रिस्केल या ब्लॅक चित्रकार-अभ्यासकाकडे लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाने दोनशे वर्षांच्या ब्लॅक अमेरिकी कलेचं प्रदर्शन सोपवलं, ते या पार्श्वभूमीवर वाचायला हवं.

सुपारीफोड : म्हणजे 'सावळे' बाद?

जुनी वही : बाद.

दौतटाक : ठरलं तर. लेखात 'ब्लॅक कलाकार', मार्शलच्या चित्रांपुरतं 'काळी माणसं', जुनी नावं अवतरणात. संपादकांशी भांडायला थेम्सकाठ यांचा प्रतिसाद छापून नेते. आता दुसरी अडचण : केपटाउनच्या त्साइट्स संग्रहालयात २०२२ला सुरू झालेल्या 'व्हेन वुई सी अस'च्या उपशीर्षकात 'फिगरेशन' आहे. 'मानवाकृती-चित्रण' फार जड होतंय.

थेम्सकाठ : त्याला वेगळा धागा काढा. 'आकृतिप्रधान'वाले आणि 'मानवाकृती'वाले एकमेकांचे जुने वैरी आहेत, इथे मावणार नाहीत.