कोकोबोलो कातलं आणि पापण्या सुजल्या. लाकडी बासरीसाठी आता कोणतं लाकूड घेऊ?

बासरी_वारजे

नमस्कार मंडळी. मी बांबूची बासरी वाजवतो. आता आयरिश धाटणीची, आतून निमुळती होत जाणारी लाकडी बासरी स्वतः कातायची आहे. घरामागच्या शेडमध्ये छोटा लेथ आहे. सरावासाठी ऑनलाइन कोकोबोलोचे तुकडे मागवले. बिलावर ना शास्त्रीय नाव, ना देश, नुसतं 'एक्झॉटिक हार्डवूड'. लाकूड देखणं निघालं, केशरी आणि त्यात काळ्या रेघा. पण पॉलिशपेपर मारला त्याच्या दुसऱ्या दिवशी पापण्या सुजल्या आणि मनगटाच्या आतल्या बाजूला पुरळ उठलं. तोंडाला रुमाल बांधला होता.

आता कोकोबोलो बंद करून आपला शिसव घ्यावा असं मनात आहे. देशी लाकूड, त्रास होणार नाही. पुढे हात बसला की एक बासरी आफ्रिकन ब्लॅकवूडची करायची आहे. ते भारतात रीतसर कसं मिळतं? आणि शेडमध्ये काय काळजी घेऊ?

टूलरूम_भोसरी

शिसवाला हात लावू नका, निदान आत्ता तरी नाही. कोकोबोलो, शिसव, शिसम आणि तुम्हाला हवं असलेलं ब्लॅकवूड ही सगळी डाल्बर्जिया या एकाच गटातल्या झाडांची भावंडं, यांनाच रोझवूड म्हणतात. झाड देशी की परदेशी, हे तुमच्या कातडीला कळत नाही. या लाकडांच्या गाभ्यात क्विनोन गटातली रसायनं असतात. शरीर एकदा त्यांच्यावर बिथरलं की पुढच्या वेळी चिमूटभर भुसाही पुरतो. हळूहळू सवय होईल म्हणून काम रेटू नका. इथे सवय होत नाही, त्रास वाढत जातो.

बासरीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सनईत ओठ पत्तीला लागतात, बासरीत थेट लाकडाला. रोझवूडचे रेकॉर्डर, म्हणजे तोंडात धरायच्या उभ्या युरोपीय बासऱ्या, वाजवणाऱ्यांच्या ओठांना पुरळ उठल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. म्हणजे कातताना कितीही जपलंत तरी वाजवताना गाठ पडणारच.

मी सगळी नोकरी टूलरूममध्ये लोखंड कापत काढली आणि निवृत्तीनंतर लाकडाकडे वळलो. लोखंडाचा चुरा खाली पडतो, झाडून टाकला की संपलं. लाकडाची बारीक धूळ डोळ्यांना दिसतही नाही आणि लेथ बंद केल्यावरही बराच वेळ हवेत राहते. इंग्लंडमध्ये हाय विकम हे खुर्च्या बनवणाऱ्यांचं गाव. १९६०च्या दशकात तिथल्या फर्निचर कामगारांमध्ये नाकाच्या आतल्या कर्करोगाचं प्रमाण भलतंच जास्त असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. आज लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात आहे, आणि त्यात फक्त परदेशी लाकूड येत नाही. रुमालाने ही धूळ अडत नाही. एन९५ तरी हवाच, आणि मी रबरी अर्धा मास्क पी१०० फिल्टर लावून वापरतो. दाढी असेल तर मास्क कडेने हवा घेतो, तेव्हा दाढी काढा.

खरं काम मात्र मास्कच्या आधी सुरू होतं. पटाशीला धार असेल तर लांब छिलके निघतात, धूळ कमी होते. धूळ करतो तो पॉलिशपेपर. म्हणून शेवटचा हात मी तेल लावून ओल्या पेपरने मारतो. लगदा होतो, तो फडक्याने पुसून घ्यायचा. जवसाचं तेल वापरलंत तर ती फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. दोरीवर सुटी पसरून वाळवा. लांब भोक पाडताना ड्रिल वरचेवर बाहेर काढा. आत भुसा दाटला की लाकूड तापतं आणि तडकतं. आणि कपड्यांवर कॉम्प्रेसरची हवा मारायची आपल्याकडची सवय शेडबाहेर ठेवा. व्हॅक्यूम वापरा, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि तो घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

त्वचारोग_सांगली

पापण्यांना मेडिकलमधून आणलेलं मिश्र स्टिरॉइड क्रीम लावू नका. आपल्याकडे ते सर्रास होतं आणि पापणीची कातडी फार पातळ असते. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा, पॅच टेस्टबद्दल (कशाची अॅलर्जी आहे ते कातडीवर पट्टी चिकटवून बघायची चाचणी) विचारा, लाकडाचं नाव सांगा. छाती भरल्यासारखी वाटली किंवा श्वासात शिट्टी वाजली तर काम त्याच क्षणी थांबवून डॉक्टर गाठा.

टिंबर_भवानीपेठ

ब्लॅकवूडबद्दल. हे झाड मुख्यतः टांझानिया आणि मोझांबिकमधून येतं. तिकडे त्याला म्पिंगो म्हणतात. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या जवळजवळ सगळ्या जाती साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय व्यापार नाही. ब्राझिलियन रोझवूड १९९२ पासूनच पहिल्यात, म्हणजे सगळ्यात कडक यादीत आहे. त्याचं नाव घेऊन कोणी तुकडा विकत असेल तर लांबच राहा. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, म्हणजे तुमची पूर्ण झालेली बासरी घेऊन परदेशी जाता येतं. न कातलेल्या तुकड्याला ती सूट नाही. त्याला निघणाऱ्या देशाचा साइट्स परवाना लागतो, शिवाय आपल्याकडच्या प्लांट क्वारंटाइनचे कागद. भाच्याला बॅगेत टाकून आणायला सांगू नका, विमानतळावर तोच अडकेल.

विक्रेत्याकडे शास्त्रीय नाव, देश आणि परवान्याची प्रत मागा. हे न देणाऱ्याकडून मी स्वतः माल उचलत नाही. टांझानियात किलवा भागातल्या गावांच्या सामुदायिक जंगलांना २००९ मध्ये एफएससी, म्हणजे जंगल जबाबदारीने राखल्याचं, प्रमाणपत्र मिळालं. तशा ठिकाणचं लाकूड महाग पडतं, पण पैसा गावात जातो आणि जंगल उभं राहतं. मला तरी तेच पटतं. गावाकडून शिसवाचा ओंडका आणायचा असला तरी वाहतूक परवान्याची चौकशी वन विभागात आधी करा.

बासरी_वारजे

सगळ्यांचे मनापासून आभार. उद्याच डॉक्टरांची वेळ घेतो. पण मग सुरुवात कशाने करू? लेथ असा पडून ठेवायला जिवावर येतं.

टूलरूम_भोसरी

पडून कशाला ठेवताय? नागदेवी स्ट्रीटवर नाहीतर भोसरीत इंजिनिअरिंग प्लॅस्टिकवाल्यांकडे डेल्रिनचा दांडा मिळतो. ३२ मिलिमीटर व्यासाचा घ्या. त्याच्या चांगल्या बासऱ्या जगभर वाजतात, पावसाळ्यात फुगत नाहीत की मे महिन्यात तडकत नाहीत. आयरिश बासरीची पोकळी १९ मिलिमीटरच्या आसपास सुरू होऊन खाली १२च्या जवळपास येते. तिचा रीमर, म्हणजे पोकळीला निमुळता आकार देणारं हत्यार, तुम्हालाच घडवायचा आहे आणि सगळा सूर त्या रीमरवर आहे. तो डेल्रिनवर जमवा. फक्त टूल बोथट होऊ देऊ नका. डेल्रिन जळलं तर फॉर्मल्डिहाइड सुटतो.

रीमर जमला की लाकूड. पेअर किंवा ऑलिव्ह बघा, डाल्बर्जियाशी त्यांचं नातं नाही. तुकडा आणला की दोन्ही टोकांना मेण लावा, आधी लहान भोक पाडा आणि मग घरातच सावलीत ठेवा, मावळात किंवा कोकणात नेऊ नका. दर रविवारी वजन करून तुकड्यावरच पेन्सिलीने तारीख आणि ग्रॅम लिहा. आकडा घसरायचा थांबला आणि पावसाळ्यातही फारसा हलला नाही, की मग रीमर लावा. मात्र पॅच टेस्टचा निकाल हातात येईपर्यंत कुठल्याच लाकडावर पैसे घालू नका, आणि राहिलेले कोकोबोलोचे तुकडे पिशवीत बंद करून ठेवा. डॉक्टरांना त्यातला छिलका दाखवायला लागेल.