मदत हवी आहे : व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या शाळेसाठी पैसे जमलेत, कशात घालावेत?

नमस्कार मंडळी,

आम्ही पश्चिम केनियात, किसुमू शहराजवळ राहतो. नवरा साखर कारखान्यात केमिस्ट आहे. सांगली, कोल्हापूर, नगरकडची आणखी काही कुटुंबं आसपासच्या कारखान्यांत आहेत. सगळ्यांनी मिळून सरोवराकाठच्या एका सरकारी प्राथमिक शाळेसाठी पैसे जमवलेत. रक्कम एकच काम धड होईल एवढी आहे, आणि ते काम कोणतं यावर एकमत होत नाहीये. बहुतेकांचा कल संगणकांकडे आहे. मला वाटतं, आधी मुलं रोज येतील आणि वर्गात ताजीतवानी बसतील असं काही करावं. लग्नाआधी मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे हजेरीपट पाहिल्याशिवाय माझं समाधान होत नाही. इथला हजेरीपट वाईट आहे.

केनियात २००३ साली प्राथमिक शाळेची फी माफ झाली आणि वर्ग भरून वाहू लागले. नाव घालायला आता कुणी मागे राहत नाही. पण घातलेलं नाव रोज हजर राहत नाही. मुख्याध्यापिकाबाईंना कारणं विचारली तर मलेरिया, पोटदुखी, धाकट्या भावंडाला सांभाळणं, आणि पाणी आणणं. यातली पोटदुखी आणि पाणी या दोन गोष्टी मला एकमेकींत गुंतलेल्या दिसतात.

मुलं सकाळी डबे घेऊन सरोवरावर जातात. तिथेच अंघोळ, तिथेच कपडे, तिथेच भांडी. काठच्या गवतात आणि पाणवनस्पतींत बारीक गोगलगाई असतात. त्यांच्यातून बिलहार्झिया या जंतांमुळे होणाऱ्या रोगाचे सूक्ष्म जंतू पाण्यात सुटतात आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पाणी प्यायची गरजच नाही, पाय भिजले तरी पुरे. इथला प्रकार आतड्याचा आहे. पोटात कळा, शौचातून रक्त, पंडुरोग, आणि वर्षानुवर्षं दुर्लक्ष झालं तर यकृत आणि प्लीहा सुजतात. अंडी विष्ठेतून पुन्हा पाण्यात जातात आणि चक्र चालू राहतं. आपल्याकडे हा रोग जवळपास नाहीच. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागरजवळच्या गिमवी गावी १९५२ साली मूत्रमार्गाचा प्रकार आढळला होता, भारतातलं ते एक अपवादात्मक ठिकाण. त्या भागातलं कुणी इथे असेल, किंवा तिथे पुढे काय उपाय झाले हे घरात ऐकलेलं असेल, तर जरूर लिहा.

गोळ्यांसाठी पैसे लागत नाहीत, हे आमच्या मंडळींना पटवायला मला वेळ लागला. जंतांवरची आल्बेंडाझोल आणि बिलहार्झियावरची प्राझिक्वांटेल या दोन्ही औषध कंपन्या देणगी म्हणून देतात आणि सरकारी मोहिमेतून त्या शाळेपर्यंत येतात. प्राझिक्वांटेल वजनाप्रमाणे द्यायची असते, पण शाळेत वजनकाटा कुठून येणार? म्हणून पट्टे मारलेली एक उंच काठी असते. मुलाचं डोकं ज्या पट्ट्यापर्यंत पोचेल तेवढ्या गोळ्या. मला ही युक्ती फार आवडली. अडचण अशी की गोळी मोठी आणि कडवट आहे, आणि उपाशीपोटी घेतली की मळमळ होते. गेल्या वेळी बरीच मुलं ओकली, काहींना चक्कर आली. आता काही पालक गोळीच्या दिवशी मुलांना घरीच ठेवतात.

जंतांच्या गोळ्या आणि शाळा यांचा नामांकित अभ्यास इथूनच जवळ, बुसियामध्ये झाला होता. १९९८ पासून ७५ शाळांमध्ये टप्प्याटप्प्याने गोळ्या दिल्या गेल्या. मायकेल क्रेमर आणि एडवर्ड मिगेल या अर्थतज्ज्ञांना दिसलं की गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, आणि गोळी न घेतलेल्या मुलांनाही फायदा झाला, कारण गावातला संसर्गच कमी झाला. परीक्षेचे गुण मात्र वाढले नाहीत. क्रेमर यांना २०१९ साली अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. नंतर या निष्कर्षांवर संशोधकांत जोरदार वाद झाले, सरसकट गोळ्या देण्याचा फायदा फार थोडा आहे असं म्हणणारेही आहेत. पण जिथे बिलहार्झिया इतका पसरलेला आहे, तिथे गोळी थांबवावी असं मला अजिबात वाटत नाही.

तरी गोळी पुरत नाही. ती मोठे झालेले जंत मारते, नुकतेच शिरलेले कोवळे जंत वाचतात, आणि पोर दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच पाण्यात उतरतं.

म्हणून माझ्या मनात दोन पर्याय आहेत. एक, शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवायला टाकी, आणि मोडलेल्या संडासांची दुरुस्ती. दोन, मधल्या सुट्टीत गिठेरी, म्हणजे मका आणि घेवड्याची उसळ; निदान मक्याची पेज तरी. गोळीच्या दिवशी पोट भरलेलं असेल तर ओकाऱ्याही कमी होतील. पण जेवणाचा खर्च दर महिन्याचा. पैसे संपले की मुलांच्या तोंडचा घास काढायचा, हे माझ्याच्याने होणार नाही.

मला हे सांगा : टाकीवर भर देणं बरोबर आहे का? पाऊस इथे मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर थोडा. कोरड्या महिन्यांत सरोवराचंच पाणी टाकीत भरावं लागलं तर ते वापरण्याजोगं कसं करायचं? आणि बिथरलेल्या पालकांशी आपल्याकडे शिक्षक, आशाताई कशा बोलतात?

प्रतिसाद (सार्वजनिक आरोग्य खात्यातून निवृत्त)

ताई, टाकीच घ्या, पण एकाऐवजी दोन लहान घ्या. बिलहार्झियाचे पाण्यात पोहणारे जंतू फार तर दोन दिवस जगतात. सरोवराचं पाणी टाकीत भरून दोन दिवस पूर्ण स्वस्थ ठेवलं की हातपाय धुवायला ते चालतं. एकाच टाकीत रोज नवं पाणी ओतलंत तर सगळं फुकट जाईल. एकीतलं पाणी स्वस्थ ठेवलेलं असताना दुसरी वापरायची. पाणी आत येतं तिथे बारीक जाळी लावा, गोगलगाई आत जाता कामा नयेत. पिण्यासाठी मात्र उकळणं किंवा क्लोरीन हवंच. कॉलरा दोन दिवस थांबल्याने जात नाही.

प्रतिसाद (जि. प. शिक्षिका)

जंतनाशक दिनाच्या आधी आम्ही पालकसभा घेतो आणि मळमळ होऊ शकते हे आपणहून सांगतो. लपवलं आणि मग झालं, तर विश्वास जातो. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी देत नाही, त्याचं नाव लिहून ठेवतो आणि नंतरच्या फेरीत देतो. गोळी समोरच खायला लावतो, घरी नेऊ देत नाही. तुमच्या शाळेत शिक्षकांनी पालकांसमोर स्वतः जेवून गोळी घेतली तर आणखी चांगलं, अर्थात तिथल्या आरोग्य खात्याला विचारून.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. दोन टाक्यांची कल्पना मुख्याध्यापिकाबाईंना लगेच पटली. जेवणाबाबत असं ठरतंय की रोजचं नाही, पण गोळीच्या दिवशी सगळ्या शाळेला पोटभर गिठेरी, पालकांनाही बोलावून. मका आणि घेवडा गावातूनच घेऊ. पालकसभा गावातल्या आरोग्य सेविका लुओ भाषेत घेणार आहेत, मी मागे बसेन.

आता एक तांत्रिक प्रश्न उरला आहे. इथली जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हात भेगाळणारी आहे. आपल्याकडच्या काळ्या रानात टाकीखालचा ओटा खचू नये म्हणून पाया किती खोल घेतात, आणि खाली मुरूम भरतात की दगड? बांधकामातल्या कुणी सांगितलं तर या सुट्टीतच काम सुरू करता येईल.